अकरा किलोमीटर

"एक," आई म्हणाली.

"दोन," दादा म्हणाला.

"तीन," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. पुढचा नंबर येणार नाही हे तिला घरातून निघायच्या आधीच ठाऊक होतं.

तो आलाच नाही. चौथा नंबर बाळचा. बाळ म्हणजे एक्कावन्न वर्षांचा, कानशिलं पांढरी झालेला, शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणारा माणूस. पण धाकटेपण एकदा चिकटलं की केस पिकून सुटत नाही. दाराजवळच्या सीटवर, दाराच्या मुठीवर हात ठेवून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून तो समोर बघत होता.

गाडी खोळंबली. आप्पा असताना मोजणी पुरी झाल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि आप्पा जाऊन वर्ष झालं तरी ती प्रथा मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. आप्पा औषधांची खोकी पोचवणारी बंद गाडी चालवत. मागे खिडकी नाही, मध्ये पत्रा. सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून त्याच गाडीत मुलं मागे भरायची, आणि ती दिसत नाहीत म्हणून आवाजाने मोजायची. नियम दोनच. एकदा मिळालेला नंबर बदलत नाही. आणि दाराबाहेर उभं राहून नंबर द्यायचा नाही. आधी आत या, बसा, मग तोंड उघडा. वहिनी लग्न होऊन आली त्याच दिवशी तिला गाडीत पाच नंबर मिळाला. पुढे दादाच्या मुलीला, म्हणजे ताईच्या भाचीला, सहा, आणि तिच्या दोन मुलींना सात आणि आठ. जावयाने मात्र पहिल्याच दिवशी हसत हसत नंबर नाकारला होता, आणि आजही कामाचं निमित्त सांगून तो शहाणा घरीच राहिला होता.

"चाऽऽर!" अचानक लहान पोराच्या किनऱ्या आवाजात कुणीतरी ओरडलं.

तो भोंगा होता. दादाचा शाळेपासूनचा मित्र, आज गाडी चालवायला हौसेने आलेला. त्याची साधी हाक तीन गल्ल्यांना ऐकू जायची म्हणून हे नाव पडलं, आणि नकला करण्यात तर तो पहिल्यापासून पटाईत. सगळे हसले. आईसुद्धा हसली. ताईला मात्र हसल्यासारखं तोंड करायलाही उशीर झाला.

"पाच," वहिनी हसू आवरत म्हणाली. मग भाचीने सहा म्हटलं, मागच्या सीटवरून ठकीने सात, आणि सात वर्षांच्या चिऊने तीनदा आठ.

"दुसऱ्याचा नंबर आपण सांगितला तर चालतो?" ठकीने विचारलं. ठकी दहा वर्षांची, आणि गोष्ट एकदा ऐकली की गाठीला बांधून ठेवणारी.

"गाडी निघाली ना? मग चालतो," भोंगा म्हणाला.

"चालत नाही," ताई म्हणाली. इतकं तोडून म्हणाली की वहिनीने वळून पाहिलं.

चव्वेचाळीस वर्षांत या घरातलं कुणी त्या किनाऱ्याकडे फिरकलं नव्हतं. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी होती: त्या उन्हाळ्यात परत निघताना आप्पांचं मोजायचं राहिलं, आणि सात वर्षांचा बाळ किनाऱ्यावरच सुटला. लक्षात येऊन माघारी जाईपर्यंत भरती चढली होती. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर एक चपटा काळा खडक आहे, मुलं त्याला बाक म्हणायची. त्या बाकावर बाळ काखेपर्यंत पाण्यात उभा होता. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. जाळी टाकणाऱ्या एका होडीने त्याला उचललं. "माझं मोजायचं राहिलं," असं आप्पांनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं आणि पुढे मरेपर्यंत एकही मोजणी चुकवली नाही. आईला डॉक्टरकडे नेताना दोघंच असले तरी तिला एक म्हणायला लावत.

बाळने त्यातून एकच अर्थ घेतला. आप्पांनी मला मोजलं नाही. अठराव्या वर्षी तो घराबाहेर पडला तो पडलाच. वर्षातून दोनदा यायचा, आईजवळ बसायचा, आप्पांशी 'बरं आहे' पलीकडे बोलायचा नाही. गेल्या वर्षी आप्पा नऊ दिवस इस्पितळात होते. बाळ दहाव्या दिवशी आला.

ही झाली घराची गोष्ट. ताईची निराळी होती आणि तिच्याबद्दल तिने आजवर कुणाजवळ ब्रही काढला नव्हता.

दादा त्या दिवशी पुढे आईआप्पांच्या मध्ये बसला होता. मागे ती आणि बाळ, दोघंच. बाळ आधीच एकदा चपलेसाठी उतरून आला होता आणि आप्पा चिडले होते. मग तो तिच्या कानाशी लागला: "ताई, माझी गोट्यांची डबी बाकावर राहिली. आत्ता आलो." आणि दार ढकलून पळाला. आप्पांनी पुढून मोजणी सुरू केली. ती बारा वर्षांची होती. तीन म्हणाली, आणि मग बाळच्या आवाजात चारही म्हणाली. मोजणीनंतर आप्पा खाली उतरून चाकं बघत, तेवढ्यात तो येईल असा तिचा हिशेब होता. त्या दिवशी आप्पा उतरलेच नाहीत.

पत्र्यावर एक हात मारला असता तरी गाडी थांबली असती. ती मूग गिळून बसली. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि आप्पांनी मागचं दार उघडलं तोवर अकरा किलोमीटर झाले होते. "मला झोप लागली होती," ती म्हणाली.

पुढे ती नर्स झाली, आणि तिशीच्या आधीच ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. तिथे टाके घालण्याआधी, आत काही राहू नये म्हणून, गॉजचे तुकडे मोजतात. दोन जणींनी, मोठ्याने, एकेक तुकड्याला बोट लावून. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, सुई थांबते. नव्या मुलींना ती दटावून सांगायची, "तोंडाने म्हटलेला आकडा मोजायचा नसतो. वस्तू मोजायची." सव्वीस वर्षांत तिचा एकही तुकडा चुकला नाही. याचं कौतुक झालं की तिला खोलीबाहेर निघून जावंसं वाटे.

आणि आता ब्याऐंशी वर्षांच्या आईने हट्ट धरला होता. मला तो समुद्र एकदा बघायचाय, सगळ्यांना घेऊन. बाळ नाही म्हणेल आणि बेत बारगळेल, या भरवशावर ताई गप्प राहिली. बाळने फोनवर एकच शब्द म्हटला, "येतो." तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

वाटेत पेट्रोलसाठी थांबले तेव्हा दादाने ताईला आणि वहिनीला बाजूला घेतलं. दादा पूल बांधण्यात हयात घालवलेला माणूस. दोन काठ जोडायची त्याची खोड घरातही सुटत नसे.

"तिथे गेल्यावर जुना विषय कुणी काढायचा नाही," तो म्हणाला.

"विषयाच्या दारात नेऊन उभं करताय आणि काढू नका म्हणताय," वहिनी म्हणाली. "मला विचाराल तर बोलून टाकू दे भावजींना. आप्पांचं चुकलं, ते त्यांनी कबूलही केलं होतं. अजून किती वर्षं पोसायचं ते?"

"आप्पांबद्दल बोलायचं नाही," ताई म्हणाली.

"का? खोटं आहे का?"

ताईने पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली आणि गाडीकडे चालू लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात चव्वेचाळीस वर्षं भर दुपार होती. गाडीच्या दाराशी बाळ उभा होता.

"ताई, तू माझ्याजवळच बसली होतीस ना तेव्हा?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. लिफ्ट कधीपासून बंद आहे असं विचारावं तितक्याच सहज विचारलं.

"हो."

"मग?"

"मला झोप लागली होती."

"हो. सांगितलंयस तू," तो म्हणाला आणि आत चढला.

अकराच्या सुमारास ते पोचले. किनारा होता तसाच होता, याचंच ताईला जास्त भय वाटलं. एक चहाची टपरी, पत्र्याचं स्वच्छतागृह आणि गाड्या उभ्या करायला सपाट केलेली जागा एवढं नवीन. बाकी तीच करडी वाळू, आणि समोर ओहोटीने उघडा पडलेला तो बाक. ती आधी टपरीवालीकडे गेली.

"पाणी कधी चढतं?"

"तीननंतर चढायला लागेल. आज जोर आहे. त्या खडकावर मात्र कुणाला बसू देऊ नका, किनाऱ्याकडची मधली घळ आधी भरते. खडकावरच्या माणसाला कळतच नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

दुपार तिने पाहण्यातच घालवली. भोंगा मुलींना घेऊन वाळूत खड्डे खणत होता आणि त्याचं हसणं पार टोकापर्यंत जात होतं. आई खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत होती. बाळने बूट काढले नाहीत. तासभर तो कोरड्या वाळूवर उभा राहिला, आणि मग चिऊने त्याचं बोट धरून विचारलं, "बाळआजोबा, तो खडक म्हणजेच बाक का?"

एक्कावन्नाव्या वर्षी बाळआजोबा झालेला माणूस तिला नाही म्हणू शकला नाही. दोघं ओल्या वाळूवरून बाकापर्यंत गेले. ताई उठून उभी राहिली आणि ते परत येईपर्यंत बसली नाही.

"काय दाखवलंस?" तिने बाळला विचारलं.

"एक कपार आहे. मी डबी ठेवायचो तिथे," तो म्हणाला. "हिला दाखवली. डबी काही नव्हती."

त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो हसला. इतक्या वर्षांत ताईने त्याला त्या दिवसाबद्दल बोलताना हसलेलं पाहिलं नव्हतं. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. ओठांपर्यंत आलं. पण याला आज हसायला आलंय तर आजच कशाला, असं म्हणून तिने ते पुन्हा गिळलं. भित्र्या माणसाला दयेचं निमित्त चटकन सापडतं.

पावणेचारला वारा फिरला आणि आईला घेरी आली. फार काही नव्हतं, ऊन बाधलं होतं, पण ब्याऐंशीच्या बाईला घेरी आली की घरातल्या प्रत्येकाला आपणच डॉक्टर असल्यासारखं वाटतं. वहिनी पंख्याने वारा घालू लागली, दादा पाणी पाजू लागला, भाची चादरी गोळा करता करता मुलींवर खेकसली, "आता जी गाडीतून उतरेल तिला इथेच ठेवून जाईन. सांगून ठेवते." चिऊ आधीच दोनदा उतरली होती. ताईने आईची नाडी धरली आणि तिला घेऊन पहिल्या रांगेत बसली. मागे टॉवेल, खुर्च्या आणि पिशव्या यांचा ढीग छतापर्यंत गेला.

"मोजा लवकर," भोंगा म्हणाला. "आईंना डॉक्टरांना दाखवून मगच पुढे जाऊ."

"एक," आई पुटपुटली. दोन, तीन झाले. चार भोंग्यानेच म्हटलं, यावेळी कुणी हसलं नाही. पाच. सहा. सात. आणि ढिगाऱ्यामागून बारीक आवाजात, "आठ."

ताईचं बोट आईच्या मनगटावर होतं आणि डोळे घड्याळावर. नाडीचे ठोके मोजताना तिने मागचे आकडे ऐकले. तिने ऐकले, बघितलं नाही.

सात-आठ मिनिटांनी आईचा चेहरा सावरला. "मुलींना बिस्किटं द्या गं," ती म्हणाली, तेव्हा कुठे ताईचा जीव भांड्यात पडला. पुडा घेऊन ती वाकत वाकत मागे गेली. ढिगाऱ्यापलीकडे ठकी खिडकीला चिकटून बसली होती. शेजारी टॉवेलांचं एक बोचकं होतं.

"चिऊ कुठे आहे?"

"झोपलीय," ठकी म्हणाली. "टॉवेलाखाली."

ताईने ठकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टॉवेल उचलायचीही गरज उरली नाही. ओठ मिटलेले, हनुवटी वर, आणि डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले. हा चेहरा तिने आरशात कधी पाहिला नव्हता, पण आतून तो तिला पाठ होता. तिने तरीही टॉवेल उचलले. खाली टॉवेलच होते.

"गाडी थांबव," ती म्हणाली. मग तिलाच ऐकू न आल्यासारखी मोठ्याने, "भोंग्या, गाडी थांबव."

पुढचं सगळं एकदमच झालं. भाची सीटवरून उडी मारून मागे आली आणि ठकीला गदागदा हलवू लागली. "कुठे आहे ती? कुठे उतरली? बोल!"

"मला माहीत नाही."

"तू शेजारी होतीस ना?"

"मला झोप लागली होती," ठकी म्हणाली.

ताईच्या हातातला बिस्किटांचा पुडा खाली पडला.

"स्वच्छतागृहात गेली असेल," दादा म्हणाला. "त्या टपरीवालीचा नंबर कुणी घेतलाय का?"

"रस्त्याकडे गेली असेल तर? तिकडे ट्रक धावतात," वहिनी म्हणाली. "आपण दोघं रस्त्याने शोधत जाऊ, हे लोक—"

 बाळ दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. भोंग्याने गाडी वळवायला घेतली होती, पण वळवून जायचं कुठे, कुठे आधी बघायचं, हे गाडीत एकालाच माहीत होतं, आणि तिच्यावर जितका आरडाओरडा होत होता तितकी ती आत आत मिटत होती.

ताईने भाचीचा हात ठकीच्या खांद्यावरून काढला आणि वळणाऱ्या गाडीत गुडघे टेकले.

"ठके, तुला झोप नव्हती लागली."

ठकीने मान खिडकीकडे वळवली.

"आठ तू म्हणालीस. तिच्या आवाजात. आई रागावेल म्हणून. तेवढ्यात येईल ती, असं वाटलं तुला. आणि गाडी निघाली, आणि मग सांगायची भीती वाटली. मग जितका वेळ गेला तितकी जास्तच वाटायला लागली. खरं ना?"

ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. अजून एक गोष्ट पुढे टाकल्याशिवाय ते उघडणार नाही, हे ताईला कळलं. ती कुठली ते तिला चांगलंच माहीत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्याने बोलवलं नसतं.

"मला कसं कळलं सांगू? मी पण तेच केलं होतं. तुझ्याएवढी होते, दोनच वर्षांनी मोठी. बाळआजोबा डबी आणायला बाकावर गेले होते. आप्पांनी मोजलं. सगळ्यांना मोजलं त्यांनी. चार मी म्हणाले, बाळच्या आवाजात. आणि मग अकरा किलोमीटर गप्प बसले. मला झोप नव्हती लागली. एक क्षणही नाही. मला वाटलं मार बसेल."

तिने ठकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तो मार मला कधीच बसला नाही, ठके. मी अजून त्याची वाट बघतेय. तू नको बघूस. कुठे आहे ती?"

"बाकावर," ठकी म्हणाली, आणि मग सगळं एकत्रच बाहेर आलं, "तिने कपारीत क्लिपांची डबी ठेवली होती, बाळआजोबांसारखी, मग तिला ती परत हवी होती, सगळे पणजीजवळ होते तेव्हा ती म्हणाली दोन मिनिटांत येते, मी म्हटलं पळ—"

"भोंग्या," बाळ म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "खडकाकडे घे. वाळूवरून घेता येईल तितकी."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी वाळूत रुतून थांबली. बाकाचा वरचा भाग पाण्याबाहेर होता आणि त्यावर पिवळा फ्रॉक होता. घळ भरली होती. भाची सरळ पाण्यात धावत सुटली, तिला दादाने कमरेला धरून मागे ओढलं. तिला पोहता येत नव्हतं.  पिवळा फ्रॉक उभा होता, आणि तोंड उघडं होतं, आणि वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं.

बाळ सामान बांधायचा दोर कमरेला गुंडाळत होता. जाड दोराची गाठ काही केल्या बसेना. ताईने पुढे होऊन ती मारली. थिएटरमधली गाठ, न सुटणारी. त्याने तिला ती मारू दिली, तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"भोंग्या, तुझा आवाज लाव," तो म्हणाला. "तिला सांग, खाली बस, खडकाला पाठ टेकव. माणूस अडकला की उभा राहून हातपाय मारतो. बसव तिला."

"चिऊऽऽ! खाली बऽऽस! पाऽऽठ टेकव!"

पिवळा फ्रॉक खाली बसला.

"आता विचार, तुला कोण दिसतंय. विचारत राहा. सांगायला लागली की रडायची थांबते."

आणि चव्वेचाळीस वर्षांत ज्याने समुद्रात बोट बुडवलं नव्हतं तो माणूस बुटांसकट पाण्यात शिरला. दादा आणि भोंगा दोर सोडत गेले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, घळीत छातीवर आलं. एका लाटेखाली त्याचं डोकं दिसेनासं झालं. ताई मोजू लागली. सहा म्हणेपर्यंत डोकं वर आलं. भोंगा ओरडत होता, "कोऽऽण दिसतंय? पणजी दिसतेय? अजून कोऽऽण?" आणि तिकडे एक बारीक हात उठून एकेकाकडे बोट दाखवत होता.

परत येताना चिऊ बाळच्या मानेला अशी घट्ट धरून होती की किनाऱ्यावर तिचे हात सोडवायला दोघं लागली. तिच्या मुठीत डबी होती. भाचीने तिला घेतलं, ठकीलाही ओढून घेतलं, आणि तिघी वाळूतच बसल्या. हात उगारला गेला नाही. ताईने ते नीट पाहून घेतलं.

बाळ गाडीच्या पायरीवर बसला. अंगातून पाणी गळत होतं. ताई त्याच्यासमोर टॉवेल धरून उभी राहिली, तो त्याने घेतला नाही.

"चव्वेचाळीस वर्षं," तो म्हणाला, "मी चुकीच्या माणसाशी बोलणं टाकलं."

ताईने हातातल्या टॉवेलाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. 

"नऊ दिवस होते ते तिथे. दादा रोज फोन करायचा. मी म्हणायचो, त्यांनी मला मोजलं नाही, मी का जाऊ."

"बाळ," आत बसलेली आई म्हणाली. "त्यांना कळलं होतं."

दोघांनी वळून पाहिलं.

"फाटकावरून माघारी येतानाच कळलं. गाडी चालवताना म्हणाले, मी चार ऐकला, पण तो बाळचा नव्हता. मग म्हणाले, पोरीला काही बोलायचं नाही. बारा वर्षांची आहे, जन्मभर घेऊन बसेल. मी माझ्यावर घेतो, माझं काय जातंय."

"मी गेलो ना," बाळ म्हणाला.

 आईने पदर तोंडाला लावला. वहिनी पुढे होऊन तिच्या शेजारी बसली, आणि सकाळपासून आप्पांविरुद्ध बोलायला आसुसलेल्या त्या बाईने म्हाताऱ्या सासूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ताई टॉवेल धरून तशीच उभी होती. पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, ते तिला आता कुणी समजावून सांगायला नको होतं. आपण ज्यांच्यापासून लपवत होतो ते सारं जाणून आपल्यासाठी गप्प बसले होते, आणि त्याची किंमत हा समोर ओला बसलेला माणूस मोजत होता.

पाणी चढतच होतं. फळ्या घालून, ढकलून, भोंग्याने गाडी वाळूतून काढली. सगळे आत बसले. भोंग्याने चावीला हात लावला, आणि थांबला. कुणी एक म्हणेना.

तेव्हा ताई खाली उतरली. तिने सरकतं दार पुरतं उघडलं आणि बाहेर उभी राहून थिएटरमध्ये मोजायची तसं मोजलं. आईच्या डोक्याला हात लावला, "एक." दादाच्या खांद्याला, "दोन." वहिनीचा हात तिने धरला, पाच. भाची सहा. भाचीच्याच मांडीला चिकटलेली ठकी, सात. टॉवेलात गुंडाळलेली चिऊ, आठ. तिच्या गार कपाळावर ताईने जरा जास्त वेळ हात ठेवला. मग दाराजवळच्या सीटकडे वळली. बाळ तिथे समोर बघत बसला होता. तिचा हात अर्ध्यावर थांबला. इतकी वर्षं तिने जी वस्तू कधी मोजलीच नव्हती तिला हात लावायचा तिला धीर होईना.

बाळने मान हलवली नाही. तिने त्याच्या ओल्या डोक्याला बोटं टेकवली. वाळू लागली.

"चार," ती म्हणाली.

तिने दाराला हात घातला. ते बाहेरून लावून आपण पुढच्या दाराने, भोंग्याशेजारच्या सीटवर जाऊन बसावं, म्हणजे त्याला आपलं तोंड बघायला नको, असं तिच्या मनात होतं. दार निम्मं सरकलं आणि अडलं. आतून बाळने ते धरलं होतं.

"तीन कुठे आहे?" त्याने विचारलं. अजूनही तो समोरच बघत होता.

"इथेच," ताई म्हणाली.

"बाहेर उभं राहून नंबर देत नाहीत आपल्याकडे," बाळ म्हणाला. "आत ये. बस. मग सांग."